चढाओढीवांचून व्यायाम

व्यायाम हा शब्द उच्चारतांच सुशिक्षित घरांतील मंडळींच्या डोळ्यांपुढें आज बहुधा दोनच चित्रें उभीं राहतात. एक, पहाटे चटईवर एकट्यानें आसनें घालणाऱ्या गृहस्थाचें; दुसरें, गळ्यांत पदक घालून व्यासपीठावर उभ्या असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचें. पहिल्या चित्रांत सोबती कोणी नाहीं आणि दुसऱ्यांत सोबती म्हणजे प्रतिपक्षी. या दोहोंहून निराळी अशी व्यायामाची एक तिसरी जात आहे. अनेकांनीं एकत्र यावें, एका तालावर हालचाल करावी, कोणासहि हरविण्याचा हेतु धरूं नये, आणि लहान, थोर, चपळ, जड, सर्वांस त्यांत जागा असावी, असें तिचें स्वरूप. तिचा थोडा इतिहास सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. युरोपांत हा इतिहास स्टॉकहोम व रॉटरडॅम या नगरांतून जातो, आमच्याकडे बडोदें व अमरावती येथून. आणि त्याचा एक बारीक फांटा, हा लेख आम्ही जेथें बसून लिहीत आहों त्या दुधनीसारख्या सीमेवरील गांवांतूनहि जातो.

प्रथम एक विलक्षण गोष्ट नमूद करावीशी वाटते. जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय चढाओढी आज ज्या संघाच्या देखरेखीखालीं होतात त्याची स्थापना इ. स. १८८१ मध्यें बेल्जममधील लिएज येथें झाली. त्याचा संस्थापक व पहिला अध्यक्ष निकोलस क्यूपेरस हा अँटवर्पचा राहणारा. या गृहस्थास चढाओढ मुळींच आवडत नसे. देशोदेशींच्या व्यायामसंघांनीं मेळावे भरवावे, एकमेकांचें काम पाहावें, त्यांतून शिकावें आणि घरीं जावें, एवढीच त्याची अपेक्षा होती. परंतु पहिली आंतरराष्ट्रीय चढाओढ १९०३ सालीं भरली ती त्याच्याच अँटवर्पांत, आणि पुढें १९२४ पर्यंत तोच अध्यक्षस्थानीं होता. म्हणजे ज्या गोष्टीस तो प्रतिकूल होता तिचेंच यजमानपद त्यानें वीस वर्षें केलें. संस्था काढणाऱ्यांच्या वांट्यास असा योग पुष्कळदां येतो.

क्यूपेरसच्या मनांतील कल्पना मात्र हवेंतून आलेली नव्हती. अर्वाचीन युरोपांत व्यायामाच्या दोन मोठ्या परंपरा निर्माण झाल्या. त्यांपैकीं एक स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग याची. हा १७७६ सालीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मला. कोपनहेगन येथें तलवारीचे हात शिकला व तेथेंच नाख्तेगाल याच्या व्यायामशाळेशीं त्याचा परिचय झाला. १८१३ मध्यें त्यानें स्टॉकहोम येथें सरकारी आश्रयानें व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था स्थापिली. व्यायामाचे त्यानें चार भाग कल्पिले: शिक्षणाचा, सैन्याचा, रोगनिवारणाचा आणि सौंदर्याचा. रोगनिवारणास त्यानें स्वतंत्र भाग दिला, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ज्याचें शरीर धड नाहीं तोहि व्यायामाचा अधिकारी आहे, ही कबुली त्यांत आहे. दुसरी परंपरा जर्मनीच्या यान याची. त्यानें १८११ मध्यें बर्लिनबाहेर हाझेनहाइडे येथें मोकळ्या मैदानावर दांडे, घोडे वगैरे साधनें उभारलीं. नेपोलियनच्या वरवंट्याखालीं सांपडलेल्या देशांतील तरुणांस बळकट करावयाचें, हा त्याचा उघड हेतु. सरकारास पुढें या तरुणांचीच भीति वाटूं लागली व १८२० ते १८४२ पर्यंत प्रशियांत त्याच्या व्यायामास बंदी होती. आजच्या चढाओढींतील बहुतेक साधनें यानच्या मैदानावरून आलीं आहेत. शाळेच्या पटांगणावर साठ मुलें एका हुकुमासरशीं हात वर करतात, ती रीति लिंगच्या वारशांतून आली आहे.

येथेंच एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी, कारण या विषयावर लिहिणारे बहुधा फार गोड लिहितात. चढाओढ नाहीं म्हणजे सर्व कांहीं निरुपद्रवी, असें नव्हे. प्राग येथें १८६२ सालीं तिर्श व फ्यूग्नर यांनीं सोकोल नांवाची व्यायामसंस्था काढली. तिचे मोठे मेळावे १८८२ पासून भरूं लागले. हजारों स्त्रीपुरुष एकाच वेळीं एकच हालचाल करीत. चेक लोकांच्या स्वातंत्र्यलालसेचें तें दृश्यरूप होतें, आणि म्हणूनच नात्सी सत्तेनें ती संस्था मोडून काढली. पण पुढें साम्यवादी राजवटीनें सोकोल दडपून टाकली आणि १९५५ पासून त्याच प्रागच्या स्ट्राहोव्ह मैदानावर सरकारी छापाचे तसलेच मेळावे सुरू केले. मैदान तें, माणसें तशींच, कवाईतहि जवळजवळ तीच. हुकूम देणारा तेवढा निराळा. सामुदायिक व्यायामांत व्यक्ति समुदायांत विरघळते, हा त्याचा गुण आहे तसाच धोकाहि आहे. ताल कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळीं विचारावा लागतो.

आतां आमच्याकडे वळूं. दुधनी हें अक्कलकोट तालुक्यांतील, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें गांव. १९४८ पर्यंत तें अक्कलकोट संस्थानांत मोडत असे आणि पलीकडे गुलबर्गा जिल्ह्यांत निजामाची हद्द लागे. येथून ईशान्येस, फार दूर नाहीं अशा अंतरावर, चालुक्यांची कल्याणी आहे. त्या कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या विनोदासाठीं पोसलेल्या मल्लांचें वर्णन असून त्यांच्या श्रमप्रकारांत स्तंभश्रम, म्हणजे खांबावरील मेहनत, सांगितला आहे. मल्लखांबाचा हा फार जुना उल्लेख. पण येथील मल्ल राजाश्रयी आहेत. त्यांचा खुराक, त्यांच्या प्रती, त्यांच्या कुस्त्या, सर्व कांहीं राजाच्या करमणुकीसाठीं. सामान्य रयतेच्या व्यायामाची वार्ता तेथें नाहीं. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाचें पुनरुज्जीवन केलें, त्याविषयींच्या आख्यायिका मराठी वाचकास ठाऊकच आहेत. त्यानंतर गांवोगांवच्या तालमींतून खांब उभे राहिले. तालमीनें महाराष्ट्राच्या तरुणांस फार दिलें, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु तालमीचें दार अरुंद होतें. स्त्रियांस तें बंद होतें. साठी उलटलेला मनुष्य तेथें आला तर वस्ताद म्हणून येई, शिष्य म्हणून नव्हे. आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलास त्या तांबड्या मातींत पाय ठेवूं देणाऱ्या तालमी किती होत्या, हा प्रश्न आमच्या व्यायामविषयक लेखकांनीं स्वतःस क्वचितच विचारला आहे.

हें दार रुंद करण्याचा पहिला पद्धतशीर उद्योग बडोद्यास झाला. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनीं देशी मेहनतीचे प्रकार घेऊन ते शेंकडों लोकांनीं एकदम करावे अशी संघव्यायामाची पद्धति बसविली. जोर, बैठका, लाठी, लेझीम यांस त्यांनीं अंक घातले, आणि हुकूम इंग्रजींतून न देतां हिंदींतून दिले. 'सावधान', 'विश्राम', 'दहिने मुड' हे शब्द आज प्रत्येक शाळेंत ऐकूं येतात, त्यांच्या प्रसाराचें मोठें श्रेय माणिकरावांच्या प्रयत्नांकडे जातें. त्यांच्याच हाताखालीं तरुणपणीं तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनीं पुढें लोणावळ्यास १९२४ मध्यें कैवल्यधामाची स्थापना केली व योगासनांसहि सांघिक रूप देण्याचा प्रयत्न केला. इकडे हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांनीं १९२३ च्या अखेरीस हिंदुस्थानी सेवादल उभारलें. बडोद्यासच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत प्रसिद्ध केले. मराठी भाषेंत एवढ्या विस्ताराचें या विषयावरील दुसरें काम नाहीं, आणि तें आज किती घरांत आढळेल याविषयीं आम्ही न बोललेलेंच बरें.

हिंदी हुकुमांचें महत्त्व पुण्यामुंबईच्या वाचकास सहजीं कळणार नाहीं. दुधनीसारख्या ठिकाणीं तें लगेच कळतें. येथें अनेक घरांत चुलीपाशीं कानडी, कचेरींत मराठी, आणि बाजारांत दोहोंची खिचडी चालते. मराठी हुकूम दिला तर तो अर्ध्या पटांगणास परका, कानडी दिला तर उरलेल्या अर्ध्यास. 'आगे कदम' हा मात्र सर्वांसच सारखा परका, आणि म्हणून सर्वांसच सारखा आपला. माणिकरावांच्या डोळ्यांपुढें सबंध हिंदुस्थान होता. पण सीमेवरच्या गांवास त्याचा उपयोग न मागतां झाला.

औंधचे राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधि यांचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. त्यांनीं सूर्यनमस्कार आपल्या संस्थानांतील शाळांत सुरू केले, आणि मुलींनीं व गृहिणींनीं ते घातलेच पाहिजेत असा आग्रह धरला. एका संस्थानिकाच्या घरच्या स्त्रियांनीं रोज नियमानें व्यायाम करावा, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. १९३८ मध्यें त्यांचें इंग्रजी पुस्तक विलायतेंत निघालें. अर्थात् राजाज्ञेनें झालेला व्यायाम कितपत टिकतो, हा प्रश्न उरतोच.

परंतु या इतिहासाचें खरें केंद्र आम्ही अमरावती समजतों. तेथें १९१४ सालीं अंबादासपंत वैद्य व त्यांचे बंधु अनंतराव यांनीं एक आखाडा काढला. पुढें त्याचेंच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. प्रसारक हा शब्द लक्षांत घेण्यासारखा आहे. नामांकित पैलवान तयार करणें हा मंडळाचा मुख्य उद्देश नव्हता. शिकणाऱ्यानें आपल्या गांवीं परत जावें व तेथें इतरांस शिकवावें, असा क्रम होता. एक गाजलेला मल्ल फार तर एका पिढीचें कौतुक होतो. शंभर साधारण शिक्षक शंभर गांवें हालवतात. वैद्य बंधूंस हा हिशेब कळला होता.

१९३६ सालीं मंडळाचें पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखालीं बर्लिनला गेलें. ऑलिंपिक सामन्यांच्या त्या प्रसंगीं त्यांनीं हुतूतू, मल्लखांब इत्यादि देशी प्रकारांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. त्यांना पदक मिळावयाचें नव्हतें, कारण ते कोणाशीं लढावयास गेलेच नव्हते. गुलाम देशांतील वऱ्हाडच्या तरुणांनीं आपल्या तालमींतील कसब जगापुढें मांडलें, हा अभिमानाचा भाग खराच. पण तें बर्लिन कोणाचें होतें, हेंहि विसरून चालणार नाहीं. सामुदायिक कवाईतीचा उपयोग काय होऊं शकतो याचा सर्वांत भयंकर धडा त्याच नगरांत, त्याच वर्षीं, गिरविला जात होता. त्या प्रवासाचीं वर्णनें करतांना आमचे लोक या भागावरून पाऊल उचलून जातात, तें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

त्याच्या उलट स्टॉकहोम. लिंग १८३९ त वारला; त्याच्या शतसांवत्सरिकानिमित्त १९३९ च्या उन्हाळ्यांत स्वीडनमध्यें 'लिंगियाड' नांवाचा मोठा व्यायाममेळावा भरला. अनेक देशांतील पथकें आलीं, आपापलीं कामें दाखवून परत गेलीं. कोणास क्रमांक नाहीं, कोणास गुण नाहीं. मेळावा संपून महिना होतो न होतो तोंच महायुद्ध पेटलें, आणि एकमेकांस टाळ्या वाजविणाऱ्या त्या तरुणांपैकीं कित्येक एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. दहा वर्षांनीं, १९४९ मध्यें, दुसरें लिंगियाड भरलें. त्याला अमरावतीचें पथक गेलें. या खेपेस तें स्वतंत्र देशाचें पथक होतें, आणि त्या स्वातंत्र्यास पुरतीं दोन वर्षेंहि झालेलीं नव्हतीं. मल्लखांबासारखें कसब अशा सभेंत मांडतांना त्याचें मोल ठरविण्यास पंच नव्हता, घड्याळ नव्हतें, तुलनेस दुसरा मल्लखांबहि नव्हता. पाहणाऱ्यानें पाहावें, आवडलें तर शिकावें. क्यूपेरसनें सत्तर वर्षांपूर्वीं जें इच्छिलें होतें तें हेंच.

या दोन लिंगियाडांतूनच पुढील गोष्ट निघाली. हॉलंडच्या सोमर नांवाच्या गृहस्थानें जागतिक जिम्नॅस्टिक्स संघाच्या आश्रयाखालीं १९५३ मध्यें रॉटरडॅम येथें पहिली 'जिम्नेस्ट्राडा' भरविली. 'एस्ट्राडा' म्हणजे व्यासपीठ. व्यायामाचें व्यासपीठ असा नांवाचा भाव. नियम थोडे व सोपे: चढाओढ नाहीं, बक्षीस नाहीं, वयाची अट नाहीं, संघानें यावें, आणि येण्याचा खर्च आपला आपण सोसावा. १९५७ मध्यें झाग्रेब, १९६१ मध्यें स्टुटगार्ट, १९६५ मध्यें व्हिएन्ना असा तिचा प्रवास झाला. मध्यें खंड पडले, पण ती बंद पडली नाहीं. २०१९ मध्यें ऑस्ट्रियांतील डॉर्नबिर्न या लहानशा गांवीं व २०२३ मध्यें अ‍ॅमस्टरडॅम येथें ती भरली. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई, शाळकरी पोरें व चाकांच्या खुर्चींत बसलेलीं माणसें तेथें भाग घेतात, आणि कोणी त्यांस दयेनें पाहत नाहीं, कारण त्यांची तुलना करावयास मापच ठेवलेलें नाहीं.

आमच्याकडे मात्र १९४९ नंतर वारें फिरलें. १९५१ मध्यें दिल्लीस पहिले आशियाई खेळ भरले व नव्या राष्ट्राचें लक्ष साहजिकच पदकांकडे लागलें. मल्लखांबाचा अखिल भारतीय संघ होऊन १९८१ मध्यें उज्जैनीस त्याची राष्ट्रीय चढाओढ झाली, २०१९ मध्यें मुंबईस शिवाजी पार्कवर जागतिक चढाओढ झाली. यामुळें मल्लखांब जगला, त्याला सरकारी मान मिळाला, मुली मोठ्या संख्येनें पुढें आल्या. हें सर्व आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. पण गुणपत्रिकेबरोबर सेकंदांचा हिशेब आला, आणि त्या हिशेबांत न बसणारें मूल पहिल्या फेरींतच घरीं जाऊं लागलें. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत सांगलीकडील चारशें लोकांनीं उद्घाटनास लेझीम खेळून दाखविली. चढाओढीच्या त्या मांडवांत लेझीम होती खरी, परंतु दारावरच्या तोरणासारखी.

आणि तरीहि जिम्नेस्ट्राडेचें तत्त्व ज्या एका देशी प्रकारांत सर्वांत पूर्णपणें उतरलें आहे तो लेझीमच होय. मराठी वाचकास लेझीम सांगणें नको. पण तिची रचना जरा निरखून पाहण्यासारखी आहे. हातभर लांबीचा लांकडी दांडा, त्याच्या दोन टोकांस सैल अडकविलेली लोखंडी सांखळी, सांखळींत पत्र्याच्या चकत्या, व मधोमध धरावयास मूठ. मूळ ती धनुर्धराच्या सरावाचें जड धनुष्य होती, असें सांगतात. तिच्या प्रकारांचीं नांवें पाहा: चार आवाज, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग, पवित्रा, मोरचाल. सर्व काम चाराच्या हिशेबानें चालतें. यांत दोन खुब्या आहेत. पहिली ही कीं, एकाचा ताल चुकला तर त्याचा आवाज बाकीच्यांच्या आवाजांत बुडून जातो, आणि पुढचा चार सुरू होतांच त्यास पुन्हां आंत शिरतां येतें. त्याला बाहेर काढावा लागत नाहीं. दुसरी ही कीं, विशीचा गडी जमिनीपर्यंत वांकेल, साठीचा कमरेपुरता वांकेल, पण आवाज दोघांचाहि एकच निघेल. सोलापुरांत गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत लेझमीचे ताफे निघतात तेव्हां एकाच रांगेंत बाप व मुलगा दिसतात, तें या रचनेमुळें शक्य होतें.

मात्र या रांगेस ताल देणारी हलगी कोणाच्या हातांत होती, याचें उत्तर टाळूं नये. हलगी वाजविणें हें गांवगाड्यांत मांग व महार यांच्याकडे लादलेलें काम होतें. सबंध गांव ज्याच्या थापेवर पाऊल टाकी तो स्वतः त्या रिंगणांतला नसे. तो कडेला उभा राही आणि मिरवणूक देवळाशीं पोंचली कीं उंबरठ्याबाहेर थांबे. सर्वांचा व्यायाम असें आम्ही ज्यास म्हणतों, त्यांतून सर्वांत आवश्यक असा एक मनुष्य वगळलेला होता. १९२७ च्या महाडच्या चळवळीनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपदेशानें अनेकांनीं गांवकीचीं अशीं कामें सोडून दिलीं, आणि त्याबद्दल गांवांनीं कुरकुर केली, कित्येक ठिकाणीं त्याहून वाईट केलें. आज शाळांच्या पटांगणावर हलगी किंवा ढोलकी कोणत्याहि जातीचें मूल वाजवितें, आणि लेझीम मुलीहि तितक्याच जोमानें खेळतात. हा बदल व्यायामाच्या इतिहासकारांनीं आपल्या खात्यावर मांडूं नये. तो तालमींनीं केलेला नाहीं.

चढाओढीच्या बाहेर राहूनहि काम कसें चालतें याचें एक उदाहरण मुंबईंतच आहे. शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर ही १९२५ सालची संस्था. तेथील शिक्षक उदय देशपांडे, ज्यांस २०२४ मध्यें पद्मश्री देण्यांत आली, त्यांनीं चढाओढीचे खेळाडु तयार केलेच. पण त्याबरोबर अंध मुलांसहि मल्लखांब शिकविला. पाहणाऱ्यास यांत प्रथम चमत्कार वाटतो. दोराच्या मल्लखांबाची रीति ठाऊक असल्यास तितका वाटणार नाहीं. दोर पायाचा अंगठा व त्याच्या शेजारचें बोट यांच्या चिमटींत धरून वर चढावयाचें असतें, आणि त्याचा वेढा मांडीला कोठें बसला, पाठीवरून कसा गेला, हें डोळस मुलासहि डोळ्यांनीं दिसत नाहीं. तें कातडीला कळावें लागतें.